राप

धातूच्या पृष्ठभागाविषयी मराठीत शब्दांची ददात नाही. भांड्याला कल्हई करतात, दागिन्याला मुलामा देतात, समईला झिलई आणतात. तांब्यावर जंगाल चढते, लोखंड गंजते, चांदी काळवंडते. 'उजाळा' हा शब्द तर सराफाच्या पेढीवरून निघून आठवणींपर्यंत जाऊन पोहोचला. वर्गात क्रियापदे शिकवताना आम्हांला यात एक गंमत जाणवली. माणूस धातूवर जे मुद्दाम करतो ते सारे उजळण्याच्या बाजूचे आहे. गंजणे, काळवंडणे ही मात्र अकर्मक क्रियापदे. ती घडतात, कोणी करीत नाही. चिंच, लिंबू नि राख घेऊन पितळ घासणाऱ्या, भंडाऱ्याच्या पितळी भांड्यांचे कौतुक करणाऱ्या आमच्या या मुलखाला दागिना हेतुपुरस्सर काळा करण्याची कल्पना सुचली नसावी असे शब्दांवरून तरी वाटते.

आज मात्र ती सर्वत्र आहे. बर्डीवरच्या हातगाड्यांवर, नवरात्राच्या आधीच्या प्रदर्शनांत, इतवारीच्या सराफ्यातही काळसर झुमके, वाक्या, गळ्यातल्या सरी मांडलेल्या दिसतात. त्यांना म्हणायचे 'ऑक्सिडाइज्ड', नाहीतर 'अँटिक'. हे दोन्ही शब्द थोडे तपासून पाहण्यासारखे आहेत.

पहिला शब्द रसायनशास्त्राला मानवणारा नाही. चांदी काळी पडते ती गंधकाने. तो काळा थर सिल्व्हर सल्फाइडचा असतो, ऑक्साइडचा नव्हे. अंडे खाल्लेला चांदीचा चमचा काळा पडतो तो याच कारणाने. कारागीर हेच काम घाईने करून घेतो. गंधक आणि पोटॅशियम कार्बोनेट एकत्र तापवले की यकृताच्या रंगाचा एक पदार्थ तयार होतो. इंग्रजीतले 'लिव्हर ऑफ सल्फर' हे त्याचे नाव त्यावरूनच पडले. तो गरम पाण्यात विरघळवायचा, स्वच्छ केलेला दागिना त्यात बुडवायचा आणि लक्ष ठेवायचे. आधी सोनेरी, मग तांबूस-जांभळी, मग निळी, अशा छटा थराच्या जाडीप्रमाणे उमटत जातात आणि अखेरीस काळा स्थिरावतो. हवी ती छटा आली की थंड पाण्यात धुऊन क्रिया थांबवायची. तांबेही या द्रावणात काळे होते. त्यावर निळे-हिरवे पुट हवे असेल तर मीठ आणि अमोनियाची वाफ देतात.

यानंतरची पायरी खरी महत्त्वाची. कारागीर दागिन्याचे उंचवटे पुन्हा घासून उजळतो आणि खाचांतला काळा तसाच ठेवतो. पन्नास वर्षे अंगावर वापरलेल्या दागिन्याचे नेमके हेच होते. कातडी आणि कापड उंचवट्यांना घासत राहते, खोलगट भागाला कोणी शिवत नाही. काळ जे अर्ध्या शतकात करतो त्याची ही अर्ध्या तासातली नक्कल होय.

नक्कल म्हटली की फसवणुकीचा प्रश्न येतो. पण घाई करू नये. बीदरच्या कारागिरांचे उदाहरण घ्यावे. जस्त आणि थोडे तांबे यांच्या मिश्रणाची वस्तू ओतून, तिच्यात चांदीची तार किंवा पत्रा जडवून, शेवटी बीदरच्या किल्ल्यातली माती आणि नवसागर यांच्या द्रावणाने ती काळी करतात. मिश्रधातू काळाकुट्ट होतो, चांदी पांढरीशुभ्र राहते. शतकानुशतके चाललेल्या या कलेतील शाह रशीद अहमद कादरी यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली. बिदरी वस्तूचा काळेपणा वयाचा दावा करीत नाही. तो चांदीची वेल दिसावी म्हणून आहे, चित्रातल्या छायेसारखा. घडाईचे बारकावे वाचता यावेत म्हणून खाचेत काळा भरणे ही शुद्ध रेखाटनाची गोष्ट आहे.

याच्या उलट टोकाला मायकेलअँजेलोची कथा आहे. त्याच्या जुन्या चरित्रकारांच्या मते त्याने तरुणपणी घडवलेला निजलेला कामदेव जुनाट दिसेल असा करून 1496 च्या सुमारास रोममधल्या एका कार्डिनलला प्राचीन म्हणून विकला गेला. फसवणूक कळल्यावर कार्डिनलने पैसे परत घेतले. तरुण शिल्पकाराला मात्र रोमला बोलावून घेतले. मूर्ती तीच, हात तोच. बदलली ती केवळ तिच्याविषयी बोलली गेलेली गोष्ट.

हे आम्हांला परके वाटत नाही. 'मोचनगड' (1871) पासून मराठी ऐतिहासिक कादंबरी जुन्या काळाचा आभास भाषेतून उभा करीत आली. पुढे तर बखरीच्या वळणाने लिहिण्याची एक धाटणीच झाली. त्याला कोणी लबाडी म्हणत नाही, कारण मुखपृष्ठावर 'कादंबरी' असे छापलेले असते. तोच मजकूर अस्सल कागद म्हणून पुढे आला असता तर? 1898 पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' प्रसिद्ध करणाऱ्या राजवाड्यांचा सारा आग्रह अस्सल कागदाचा होता तो याचसाठी. दोष जुनाट रंगात नसतो. त्या रंगाला कोणते नाव देऊन तो विकला जातो यात असतो.

हा विचार आमच्यासाठी केवळ वर्गापुरता राहिला नाही. आम्हां दोघींपैकी एकीच्या सासूबाईंचे चांदीचे तोडे घरातल्या लग्नाच्या निमित्ताने पॉलिशला गेले होते. ते परत आले तेव्हा दुधासारखे पांढरे होते. असल्या द्रावणांत काळ्या थराबरोबर त्यातली चांदीही निघून जाते. कड्यांवरची बारीक नक्षी सपाट भासू लागली होती. सासूबाईंनी ते हातात घेऊन फिरवले आणि म्हणाल्या, "हे माझे नव्हेत गं." आम्ही दोघी तोडे घेऊन पुन्हा गेलो, तर कारागिराने सहज तोडगा सुचवला : "ताई, ऑक्सिडाइज करून देतो. शंभर वर्षांचे दिसतील."

1972 च्या पुरावस्तू कायद्याने वस्तू पुरावस्तू ठरायला साधारणपणे शंभर वर्षेच लागतात, हे त्या कारागिराला ठाऊक असण्याचे कारण नव्हते. त्याच्या बोलण्यात लबाडीही नव्हती. तो आपल्या परीने नुकसान भरून देत होता. आम्ही मात्र थबकलो. तोडे काळे झाले असते, नक्षीही उठून दिसली असती. पण तो काळा सासूबाईंच्या पायांचा नसता. घरी येऊन आम्ही त्यांनाच विचारले. त्यांनी तोडे पायात चढवले आणि म्हणाल्या, "राहू द्या. घालीन तसे होतील." त्या तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या होत्या.

या काळ्या रंगाला आणखी एक किंमत आहे आणि ती दागिना घालणारा देत नाही. गंधकाच्या त्या द्रावणात चुकून आम्ल मिसळले तर हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू निघतो. त्याला सडक्या अंड्याचा वास येतो खरा, पण प्रमाण वाढले की नाकच बधिर होते आणि वास गेला म्हणजे धोका टळला असे वाटते. बंद खोलीत, पंख्याशिवाय, उघड्या हातांनी दिवसभर हे काम करणाऱ्याला जुनेपणाची ही घाई फार महागात पडू शकते. स्वस्त दागिन्यांतले 'जर्मन सिल्व्हर' तर तांबे, जस्त आणि निकेल यांचे मिश्रण. त्यात चांदीचा कणही नाही आणि निकेल कित्येकांच्या कातडीला सोसत नाही.

आता 'अँटिक' या शब्दाकडे वळावे. आमच्या मते याला मराठीत 'राप' हा शब्द वापरू नये. उन्हाने चेहरा रापतो, हाताने लाकूड रापते. रापणेही अकर्मकच आहे आणि ते तसेच राहावे. विक्रेत्याने मुद्दाम काळ्या केलेल्या दागिन्याला सरळ 'काळा केलेला' म्हणावे. शब्द ओबडधोबड आहे, पाटीवर शोभणार नाही. पण त्यात करणारा हात दिसतो, आणि त्या हाताची मजुरीही मग मोकळेपणाने मागता येते.