फोन लागल्यानंतरची भीती

माझे मिस्टर मेकॅनाइज्ड इन्फंट्रीत आहेत. 1979 साली उभ्या राहिलेल्या या रेजिमेंटचं सेंटर आपल्या नगरलाच. कसम परेडला सासू-सासरे पारनेरहून एसटीने गेले होते. पुढे फिल्ड पोस्टिंग आली. तिथे फॅमिली नेता येत नाही, म्हणून मी मुलांना घेऊन गावी राहते.

7 मे 2025 च्या पहाटे ऑपरेशन सिंदूर झालं, तेव्हा यांचा फोन लागत नव्हता. घरात टीव्ही रात्रंदिवस चालू. 10 तारखेला संध्याकाळी गोळीबार थांबल्याचं जाहीर झालं, मग यांचा आवाजही ऐकला. सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. माझा त्रास मात्र तिथून पुढे सुरू झाला. रात्री दचकून जाग यायची, छाती धडधडायची, हाताला मुंग्या, श्वास पुरत नाही असं वाटायचं. अनोळखी नंबर दिसला की पोटात गोळा. ईसीजी चांगला निघाला. सासूबाईंनी मीठ-मिरच्या ओवाळल्या. शेजारणी म्हणायच्या, "फौजीची बायको ना तू, खंबीर राहा." त्यानंतर काही बोलायची सोयच उरायची नाही.

बोलली ती गावातलीच एका माजी सैनिकाची बायको. कारगिलच्या वेळी तिचंही असंच झालेलं. तेव्हा तर पत्राची वाट पाहायची. तिच्या मुलीने मला 14416 हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर दिला. चोवीस तास, फुकट, मराठीत. पलीकडच्या बाईंनी आधी झोपेचं विचारलं, मग जेवणाचं. धडधड सुरू झाली की श्वास हळूहळू सोडायला शिकवलं, बातम्या बंद करायला लावल्या आणि नगरला मानसोपचारतज्ज्ञांना दाखवून यायला सांगितलं. गोळ्या काही महिने घेतल्या. रेंजबाहेर जायच्या आधी हे आता मेसेज टाकतात. मधल्या शांततेचा अर्थ मला लावत बसावा लागत नाही.

जवान आणि त्यांच्या कुटुंबांसाठी पुण्याच्या एएफएमसी या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात टेलिमानसचा वेगळा कक्ष 1 डिसेंबर 2023 ला सुरू झाला. आमच्या वस्तीवर कुणाला ते माहीत नव्हतं. नगरच्या भिंगार छावणीतल्या क्वार्टरमध्ये शेजारीण निदान त्याच काळजीतली असते, मिलिटरी हॉस्पिटल जवळ असतं. गावी राहणाऱ्या बायकांना हे कोण सांगणार? जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात आम्ही कागदपत्रांसाठी जातोच. तिथेच प्रत्येकीला 14416 हा नंबर द्यावा, आणि झोप लागते का, एवढं विचारावं.