दोन हजारचा पंधराशे

२२ जुलै २०२१ ला सावित्री नदीचं पाणी महाडच्या बाजारपेठेत शिरलं आणि माझ्या टायपिंगच्या दुकानातलं काही वाचलं नाही. पाणी ओसरल्यावर शटर उचललं, तर नवा कॉम्प्युटर चिखलात उताणा आणि लेझर प्रिंटरच्या पोटातून गढूळ पाणी गळतंय. पाणी शिरलं त्याच दिवशी तळिये गावात दरड कोसळून घरंच्या घरं गाडली गेली होती. कॉम्प्युटरचं दुःख सांगायचं कुणाला? पण काही दिवसांतच माणसं दारात येऊन उभी राहू लागली. कुणाचं रेशनकार्ड वाहून गेलेलं, कुणाचं पासबुक भिजलेलं, कुणाचं पंचनाम्यात नावच नाही. प्रत्येकाला अर्ज हवा होता.

तेव्हा पोलादपूरला मामांच्या माळ्यावर टाकलेला जुना डबा आठवला. २००३ साली जोडून घेतलेला. ॲथलॉन एक्सपी २४०० प्रोसेसर, २५६ एमबी रॅम, विंडोज एक्सपी आणि सोबत डॉट मॅट्रिक्स प्रिंटर. त्या प्रिंटरची जाड केबल नव्या मशीनला लागत नव्हती, म्हणून दोघं जोडीनेच माळ्यावर गेले होते. टेम्पोने आणले. वीज आल्यावर बटण दाबलं, तर नुसत्या लांब शिट्ट्या. रॅमची पट्टी काढली, तिचे सोनेरी दात पोरीच्या खोडरबरने घासले, परत बसवली. स्क्रीन उजळली. पण काळ्या पडद्यावर तक्रार होती: चेकसम एरर, डिफॉल्ट्स लोडेड.

मदरबोर्डवर रुपयाएवढा तीन व्होल्टचा सेल असतो. वीज नसताना घड्याळ चालू ठेवायचं आणि सेटिंग लक्षात ठेवायचं, एवढंच त्याचं काम. माळ्यावर तो मरून गेला होता. मशीनला आपण कोण हेच आठवत नव्हतं. प्रोसेसरचा वेग दाखवत होतं १५०० मेगाहर्ट्झ.

प्रोसेसरच्या नावातला २४०० हा वेग नव्हेच, ती कंपनीने लावलेली तुलनेची पट्टी. खरा वेग २०००. बसचा, म्हणजे बोर्डावरच्या माहितीच्या रस्त्याचा, ठेका १३३ चा आणि प्रोसेसर त्याची पंधरा पट धावतो. पण सेटिंग पुसलं गेलं की माझा बोर्ड भीत भीत १०० चा ठेका धरतो, म्हणजे कुठलाही प्रोसेसर बसवला तरी निदान सुरू तरी होईल. पंधरा गुणिले शंभर, पंधराशे. डिलीट दाबून सेटअपमध्ये गेलो, १३३ केलं. २५६ मधली ३२ एमबी बोर्डावरच्या व्हिडिओने उचलली होती, म्हणून विंडोजला २२४ च दिसत होती. अर्ज टाइप करायला चित्रांची चैन कशाला? ३२ चे ८ केले. २४८ झाली.

पण वीज दिवसातून चार वेळा जायची आणि दर वेळी मशीन सगळं विसरायचं. घाईत एकदा मी सेटअप न बघताच पुढे गेलो. वाडीवरच्या एका म्हातारीचा अर्ज छापला. तारीख आपोआप पडते. तिच्या नातवाने कागद वाचला आणि म्हणाला, "काका, १ जानेवारी २००२ लिवलंय."

म्हातारी म्हणाली, "तवा घर व्हतं माझं."

मी कागद फाडला, हाताने तारीख घालून दुसरा छापला. त्या संध्याकाळी सेलसाठी सगळी बाजारपेठ फिरलो; दुकानं अजून चिखल उपसत होती. शेवटी चुलतभावाने स्वतःच्या गाडीच्या रिमोटमधला सेल काढून दिला. नंबर तोच, २०३२. पुढे महिनाभर तो गाडी किल्लीने उघडत होता.

मग मला हाव सुटली. ओळखीच्या मेकॅनिकच्या पोटमाळ्यावर रॅमची एक १२८ ची पट्टी वाचली होती, ती त्याने तशीच दिली. बसवली. ३७६ बघून छाती फुगली. पण ती पट्टी १०० च्या ठेक्याची होती. "ऑटो"वर ठेवलं असतं तर सगळी मेमरी तिच्या चालीने चालली असती. मी मात्र जबरदस्तीने १३३ केलं. दुसऱ्या दिवशी दोन पानी प्रतिज्ञापत्राच्या शेवटच्या परिच्छेदावर स्क्रीन निळी. सेव्ह केलेलं नव्हतं. समोरचा माणूस काही बोलला नाही, रांगेत परत मागे जाऊन उभा राहिला. ते मला शिवीपेक्षा जास्त लागलं.

रात्री फ्लॉपीवरून मेमरी तपासणारा मेमटेस्ट लावला. दोन्ही पट्ट्या बसवलेल्या असताना लाल ओळींची रांग. एकट्या २५६ वर पहाटेपर्यंत एकही नाही. १२८ ची पट्टी काढून मेकॅनिकला परत केली. २००० ची ताकद असताना सेटअप न बघता मशीनला १५०० वर ठेवणं ही माझी आळशी चूक होती. न झेपणारा वेग त्या पट्टीच्या माथी मारणं ही दुसरी, आणि तिची किंमत मी नाही, रांगेतल्या माणसाने मोजली.

पुढे नवा कॉम्प्युटर आला. जुना आता दुकानातच उंच फळीवर असतो. दर मे महिन्यात खाली उतरवतो, एकदा सुरू करून बघतो. कॅबिनेटच्या झाकणाला आतून कागद चिकटवलाय: बस १३३, व्हिडिओ ८, रॅम एकच पट्टी. आणि या सगळ्याच्या वर, लाल पेनने: आधी तारीख बघ.