पासपोर्ट मालकाच्या कपाटात

परदेश म्हटलं की पुण्या-मुंबईकडच्या घरांत अमेरिका आठवते. रत्नागिरीत आठवतं ते कुवेत, दोहा, दम्माम, मस्कत. राजिवडा, मिरकरवाडा, सोमेश्वर, फणसोप, जयगड, कुठेही शिरा. दिनारवर नाहीतर रियालवर स्लॅब पडलेलं एखादं घर निघणारच. मुंबईहून आखातात जाणारी ‘द्वारका’ बोट १९८२ मध्ये बंद झाली. त्या बोटीने गेलेल्यांची नातवंडं आता विमानाने जातात, पण जाण्याआधी आणि गेल्यावरही कागदांसाठी आमच्यासारख्यांच्या दारात येतातच.

वडिलांचं टायपिंगचं दुकान होतं, ते आता मी चालवते. पासपोर्टचे अर्ज, दाखल्यांची भाषांतरं, अटेस्टेशन, राजपत्रातला नावबदल, असं सगळं. समोर बसणाऱ्यांत बायकाच जास्त. नवरा तिकडे, कागद इकडे. खेपा कोणी घालायच्या? त्यामुळे कितीतरी बायकांना अटेस्टेशनचे टप्पे माझ्याइतकेच पाठ आहेत.

लोकांना वाटतं परदेशात सगळं काही पासपोर्टवर चालतं. पासपोर्ट लागतो दारातून आत शिरायला. आत गेल्यावर तो बहुतेकदा कंपनीच्या नाहीतर कफीलच्या, म्हणजे तिथल्या प्रायोजक मालकाच्या, कपाटात जातो. आखाती देशांत कामगाराचा पासपोर्ट असा ठेवून घ्यायला मनाई आहे, तरी ठेवतात, आणि कारण विचारलं तर ‘हरवू नये म्हणून’. मग माणसाच्या खिशात काय उरतं? रहिवासाचं कार्ड. सौदीत इकामा, कुवेतमध्ये सिव्हिल आयडी म्हणजे आपल्या लोकांचा बताका, बहरीनला सीपीआर, कतारला क्यूआयडी, दुबईला एमिरेट्स आयडी. मोबाइलचं सिम ह्या कार्डावर, बँकेचं खातं ह्यावर, दवाखाना ह्यावर, एक्स्चेंजमधून घरी पैसे पाठवायचे तेही ह्यावरच. रस्त्यात पोलिसाने हटकलं तर पासपोर्ट कोणी विचारत नाही, कार्ड विचारतात.

आणि हे कार्ड उभं असतं नोकरीच्या जिवावर. नोकरी सुटली की कार्डाची मुदत मोजायला घ्यायची. सौदीत कफीलने ‘हा पळाला’ अशी नोंद केली की माणूस ‘हुरूब’मध्ये जातो, इकामा खिशात असतो, पण त्याला किंमत राहत नाही. माणूस तोच, खोली तीच, फक्त कुठल्या तरी संगणकातला एक रकाना बदललेला. म्हणून माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक बाईला मी सांगते, नवऱ्याच्या पगाराची तारीख विसरलात तरी चालेल, कार्डाची विसरू नका.

ती मग व्हॉट्सअॅपवरचा कार्डाचा फोटो दाखवते. हमखास अर्ध्या आकड्यांवर अंगठा आलेला. दुसरा फोटो मागवून घेतला की मी तिला नंबर वाचायला शिकवते, कारण हे नंबर वाचता येतात. कुवेतचा नंबर बारा आकडी. पहिला आकडा शतकाचा, २ म्हणजे एकोणीसशेतला जन्म, ३ म्हणजे दोन हजारनंतरचा. पुढचे सहा आकडे म्हणजे जन्माचं वर्ष, महिना, दिवस. कतारच्या अकरा आकड्यांत शतक आणि वर्षानंतर ३५६ येतं, तो भारताचा क्रमांक. म्हणजे नंबर ऐकूनच समोरच्याला कळतं की हा हिंदी माणूस. दुबईचा सुरू होतो ७८४ ने, तो त्यांचा स्वतःच्या देशाचा आकडा, आणि लगेच चार आकडी जन्मसाल. सौदीचा दहा आकडी. तिथल्या नागरिकाचा १ ने सुरू होतो, बाहेरच्याचा २ ने. पहिल्या आकड्यातच तुमची पायरी ठरलेली.

कुवेतचे जुने बताके बघताना गंमत दिसते. जन्मसालापुढे ०६०१, दुसऱ्यावरही ०६०१, तिसऱ्यावरही तेच. ६५०६०१, ६८०६०१, ७१०६०१. तिकडच्या एखाद्या कारकुनाला प्रश्न पडला असेल की ह्या जिल्ह्यात माणसं एकाच दिवशी जन्मतात की काय. आपल्याला ह्यात नवल नाही. शाळेत नाव घालायला बाप मुलाला घेऊन गेला, जन्मतारीख माहीत नव्हती, गुरुजींनी वय अंदाजून १ जून टाकला. गुरुजींनी टाकलेली ती तारीख दाखल्यावर आली, तिथून पासपोर्टवर, तिथून कुवेत सरकारच्या संगणकात, आणि क्रमांकाचा भागच होऊन बसली. आता आधारवर खरी तारीख घालायची हौस आली की मी हात जोडते. इथे एक तारीख बदलायची म्हणजे तिथला अख्खा माणूस बदलायचा.

नावाचं प्रकरण ह्याहून किचकट. अरबीत ‘प’ नाही, त्यामुळे परकारांचा बारकर होतो. तो अरबी मजकुराचा भाग, तिकडे कोणी लक्ष देत नाही. पण मार्च २०१९ मध्ये कुवेतने पासपोर्टवर रहिवासाचं स्टिकर लावणं थांबवलं आणि येण्या-जाण्यासाठी सिव्हिल आयडीच ग्राह्य धरला. मग कार्डावरचं इंग्रजी नाव पासपोर्टशी अक्षरन् अक्षर जुळणं भाग पडलं. त्या दिवसांत दुकानात नुसती नावांची तपासणी चालली होती. एका जागी बापाचं नाव मधे, दुसऱ्या जागी गायब. एकीकडे आडनावात एक ‘ए’, दुसरीकडे दोन. पुढे नोव्हेंबर २०२२ मध्ये अमिरातींनी जाहीर केलं की पासपोर्टवर एकाच शब्दाचं नाव असेल तर व्हिजिट व्हिसावर प्रवेश नाही. आडनावाचा रकाना कोरा सोडलेले जुने पासपोर्ट तेव्हा धावत दुरुस्तीला आले.

बायकांचं तर विचारूच नका. दहावीच्या दाखल्यावर माहेरचं नाव, रेशनकार्डावर सासरचं, आणि कुठे कुठे लग्नात पहिलं नावही बदललेलं. फॅमिली व्हिसासाठी लग्नाचा दाखला लागतो, तो आमच्याकडे ग्रामपंचायतीतून मिळतो, कारण १९९८ च्या कायद्याने ग्रामसेवकाकडे विवाह नोंदणीचं काम आहे. काझींचा निकाहनामा घरात जपून ठेवलेला असतो, पण वकिलातीला नोंदणीचा दाखला हवा. त्यावर मंत्रालय, मग परराष्ट्र मंत्रालय, मग त्या देशाची वकिलात, असे शिक्के चढतात. सौदीपुरतं हे काम आता हलकं झालं; डिसेंबर २०२२ पासून तिथे अपोस्टिल, म्हणजे वकिलातीऐवजी परराष्ट्र मंत्रालयाचाच शिक्का, चालतं. कुवेतला अजून सगळ्या पायऱ्या चढाव्याच लागतात.

तिकडचं कार्ड किती कामाचं हे मला कळलं ते १९९० नंतर. २ ऑगस्टला इराकने कुवेत घेतलं. जॉर्डनमधल्या अम्मानहून एअर इंडियाने लाखाहून अधिक माणसं परत आणली. पासपोर्ट कफीलकडे आणि कफील स्वतःच परागंदा, अशी कितीतरी माणसं त्यात होती. पुढे संयुक्त राष्ट्रांनी नुकसानभरपाईसाठी आयोग नेमला. नुसतं देश सोडावा लागला एवढ्यासाठी एकट्या माणसाला २,५०० डॉलर आणि कुटुंबाला ५,०००. इतर वर्गांतला दावा सोडायची तयारी असेल तर ४,००० आणि ८,०००. सिद्ध काय करायचं, तर तुम्ही तिथे होतात आणि त्या काळात निघालात. वडिलांच्या टाइपरायटरवर ते अर्ज होत. ज्याच्या पाकिटात सिव्हिल आयडी राहिला होता त्याचा अर्ज एका बैठकीत उरकायचा. ज्याच्याकडे नव्हता तो जुनी पाकिटं, पगाराच्या चिठ्ठ्या, कंपनीच्या गेटवर काढलेला फोटो, काय काय घेऊन यायचा. तेव्हापासून आमच्या दुकानाचा नियम आहे की कार्डाची पुढची-मागची झेरॉक्स रत्नागिरीच्या घरात असलीच पाहिजे. माणूस तिकडे वारला तर थकलेला पगार, ग्रॅच्युइटी, सगळ्याची चौकशी ह्याच नंबराने होते, आणि घरच्यांना तोच नंबर सापडत नाही.

आता आमच्याकडे राहणाऱ्या परदेशी माणसांचं. रत्नागिरीचा सर्वांत नामवंत परदेशी रहिवासी म्हणजे थिबा राजा. ब्रह्मदेशातून हद्दपार केलेला, १८८६ ला इथे आणलेला, १९१६ ला इथेच वारला. भारतात यायला पासपोर्ट लागण्याचा कायदा आला १९२० ला, म्हणजे त्याच्याकडे कार्ड मागायची वेळच आली नाही. ओळख सगळ्या गावाला होती, मुभा तेवढी नव्हती.

आजचे परदेशी म्हणजे नेपाळी. आंब्याच्या बागेत फवारणी, राखण, वानर हाकणं हे सगळं आता गुरख्यांवर चालतं, आणि मिरकरवाड्याच्या बोटींवर खलाशी म्हणून तेच. ३१ जुलै १९५० च्या भारत-नेपाळ कराराने त्यांना इथे राहायला, काम करायला व्हिसा लागत नाही. त्यांच्याकडे असते नेपाळची नागरिकता, म्हणजे नागरिकत्वाचं प्रमाणपत्र. देवनागरीत लिहिलेलं, त्यामुळे आपल्याला वाचताही येतं, आणि तिथेच घोळ होतो. जुन्या प्रमाणपत्रांवर जन्मसाल विक्रम संवतात. एका गुरख्याला घेऊन मी खातं उघडायला गेले होते. कागदावर २०५० साल, असार महिना. खिडकीतला मुलगा म्हणाला, ‘मॅडम, हा तर अजून जन्माला यायचाय.’ असार २०५० म्हणजे १९९३ चा जून-जुलै, हे कागदावर मांडून दाखवलं, तरी त्याच्या संगणकाला ते पटेना.

२००८ च्या मुंबई हल्ल्यानंतर मच्छीमारांना बायोमेट्रिक कार्डं आली, पण ती भारतीय मच्छीमारांसाठी. बोटीवर कोण कोण आहे हे तपासायला कोणी आलं तर तांडेल नेपाळ्याची नागरिकता पुढे करतो, आणि ती बहुतेक वेळा मालकाकडून मागून आणलेली असते. बोटमालक असो वा बागायतदार, कामावर ठेवताना कागद ठेवून घेतात. पगाराची उचल घेऊन पळू नये हे खरं कारण; तोंडाने सांगतात ते ‘हरवू नये म्हणून’. ज्याचा स्वतःचा भाऊ दम्मामला आहे त्याच्याही तोंडून मी हेच ऐकलंय. मी म्हटलं, तुमच्या भावाचा कफील हेच म्हणतो ना? तो हसला. कागद काही दिला नाही.

नेपाळी माणसाला आधार मिळू शकतं, हे इथे फार थोड्यांना ठाऊक आहे. १८२ दिवसांचा रहिवास हवा. नेपाळी पासपोर्ट नसेल तर नागरिकतेसोबत नेपाळच्या दूतावासाने दिलेलं, फोटो असलेलं, मुदतीचं प्रमाणपत्र लागतं. असं आधार दहा वर्षांपुरतं असतं आणि त्याने नागरिकत्व सिद्ध होत नाही, पण सिम मिळतं, खातं उघडतं, घरी पैसे पाठवायला दुसऱ्याच्या खात्याच्या पाया पडावं लागत नाही. दूतावास दिल्लीला, बाराखंबा रोडवर. मंगला एक्स्प्रेसने जाऊन येऊन, तिथलं काम धरून, आठवडा सहज जातो. १ जूनला मासेमारी बंद झाली की खलाशी गावी निघतात, तेव्हा वाटेत दिल्ली करा असं मी त्यांना सांगते. ते मान डोलावतात आणि विचारतात, नागरिकता तर शेठकडे आहे, ती आणायची कशी? शेठ बहुतेकदा ओळखीचे असतात, त्यामुळे तो फोन मलाच लावावा लागतो.