पॅकेज बांधणारे

उमरखेडात पाऊस सुरू झाला की लाईटचा भरवसा नसतो, नेटचा तर त्याहून नाही. आज दोन्ही जागेवर होते, म्हणून भाचीच्या जुन्या संगणकावर डेबियन लिनक्समधलं टक्स पेंट हे मुलांचं चित्रं काढायचं सॉफ्टवेअर चढवून घेतलं. मूळ प्रोग्राम एका पॅकेजात, चित्रांचे शिक्के दुसऱ्यात. ही फोड ज्याने केली त्याच्या तोंडात साखर पडो! आधी लहान पॅकेज उतरवायचं. पोरगी रंग फासत बसते, शिक्के मागाहून येतात. मुलांच्या शैक्षणिक खेळांच्या जीकॉम्प्रीतही आवाजाच्या फायली वेगळ्याच.

टक्स पेंट बिल केंड्रिकने 2002 मध्ये सुरू केलं. लिहिणाऱ्याचं नाव राहतं, पॅकेज बांधणाऱ्याचं कोण विचारतो? कुठली लायब्ररी लागेल, परवाना कोणता, फाईल कुठे बसेल, हे सगळं तो आधीच निस्तरून ठेवतो. माझं काम एका कमांडमध्ये उरकतं. डेबियन ज्युनिअरची मंडळी तर 2000 पासून मुलांच्या सॉफ्टवेअरची निवड करून देतायत.

2007 मध्ये कर्जत तालुक्यातल्या खैराटच्या शाळेत 'वन लॅपटॉप पर चाइल्ड' योजनेचे हिरवे-पांढरे लॅपटॉप आले. गाजावाजा यंत्रांचा झाला. आतलं फेडोरा लिनक्सवर चालणारं शुगर हे मुलांचं शिकण्याचं सॉफ्टवेअर मात्र पॅकेजांच्या रूपाने साध्या संगणकांवरही पोचलं. मला तीच बातमी मोठी वाटते.

भाचीला यातलं काही नको. तिला मेनू मराठीत हवाय. टक्स पेंटमध्ये मराठी आहे, उद्या लावून देतो. जिथे अनुवाद अपुरा असेल तिथे इंग्रजी डोकावणारच. तो पुरा करायला ओळखीच्या गुरुजींना गाठावं म्हणतो. सुट्टीत ते रिकामेच असतात.