बोटीवरचं खातं

क्रूझहून आलं की सगळे जेवणाचं विचारतात. मला मात्र सांगायचंय ते बंदरावर उतरून करायच्या सहलींबद्दल. तिकिटात खोली आणि जेवण येतं, पण या सहलींचे पैसे वेगळे!

२०२३ मध्ये मुलगा-सून आम्हाला सिएटलहून अलास्काला घेऊन गेले. बोटीवर रोख चालत नाही. खोली उघडायचं कार्ड दाखवलं की खर्च खात्यावर चढतो. अगदी आपल्या वाण्याच्या वहीसारखं. सहलही तशीच, मांडायची आणि शेवटी हिशोब. पण आमची दोघांची वहीसुद्धा मुलाच्या क्रेडिट कार्डाला जोडलेली! हे कळल्यावर ह्यांनी जाहीर केलं, "मी कुठे उतरणार नाही. बोटीवरूनच बघतो." जन्मभर कोणाचं देणं ठेवलं नाही, तो माणूस मुलाच्या पैशाने आगगाडीत कसा बसणार?

मी गुपचूप स्वागतकक्षात गेले. आमच्या खोलीपुरती रोख अनामत ठेवता येते, असं तिथली मुलगी म्हणाली. पेन्शनमधून जमवलेले डॉलर भरून टाकले. मुलगा जरा दुखावला. असो.

मग दुसरा वाद. मुलगा म्हणे, धक्क्यावर बाहेरच्यांकडे तीच सहल स्वस्त मिळते. खरं आहे ते. पण बोटीकडून घेतलेल्या सहलीला उशीर झाला तर बोट थांबते, नाहीतर पुढच्या बंदरावर पोचवायची सोय करते. स्वतःहून गेलात तर बोट निघून जाते. शिवाय हवेमुळे बंदर रद्द झालं तर बोटीच्या सहलीचे पैसे आपोआप खात्यात परत येतात, बाहेरच्यांचे त्यांच्या नियमांप्रमाणे. ह्यांच्या गुडघ्यांकडे बघून मी ठरवलं: जूनोला मेंडेनहॉल हिमनदी जवळ, हाताशी वेळ भरपूर, तिथे बाहेरची बस. स्कॅग्वेची व्हाइट पास रेल्वे मात्र बोटीकडूनच.

ती गाडी १९०० साली पूर्ण झालेली, सोन्याच्या शोधात निघालेल्यांसाठी बांधलेली. रूळ तीन फुटी. आपल्या नेरळ-माथेरानचे दोन फुटी, हे ह्यांनी शेजारच्या अमेरिकन बाईंना दोनदा सांगितलं. खिडकी काही सोडली नाही.

शेवटच्या सकाळी हिशोबाचा कागद आला. ह्यांनी चष्मा लावून ओळन् ओळ तपासली. उरलेले डॉलर परत मिळाले, त्यातून सुनेला कॉफी पाजली.