सरासरीच्या तासाला मायकल बेव्हन



सातवीला सरासरी शिकवताना मी दरवर्षी क्रिकेटचंच उदाहरण घेतो. पाच डावांतल्या धावा द्यायच्या, बेरीज करायची, पाचाने भागायचं. मुलं दहा मिनिटांत शिकतात. यावर्षी मात्र मागच्या बाकावरच्या एका मुलाने हात वर केला, "सर, टीव्हीवर असं भागत नाहीत. नाबाद असला तर तो डाव धरत नाहीत."

पोराचं बरोबर होतं. फलंदाजाची सरासरी म्हणजे एकूण धावा भागिले तो जितक्या वेळा बाद झाला ती संख्या. मग फळ्यावर मी माझ्या आवडीच्या फलंदाजाचे आकडे लिहिले. ऑस्ट्रेलियाचा मायकल बेव्हन. एकदिवसीय सामने 232, डाव 196, नाबाद 67, धावा 6912.

मुलांनी दोन्ही रीतींनी गणित केलं. 6912 भागिले 196, उत्तर साधारण 35.27. आणि 196 मधून 67 वजा करून 129 ने भागलं, तर 53.58. एवढा फरक! लगेच वर्गात दोन पार्ट्या पडल्या. एक म्हणे, "ही तर चिटिंग झाली सर." दुसरी म्हणे, "अरे, तो आउटच झाला नाही तर त्याचा काय दोष?"

मी म्हटलं, थांबा. हे 67 नाबाद आले कुठून, ते आधी बघू.

मी डी.एड.ला होतो तेव्हाची गोष्ट. 1996 चा विश्वचषक. 13 मार्चला कोलकात्यात श्रीलंकेने आपल्याला उपांत्य फेरीत हरवलं. होस्टेलवर सुतकी वातावरण. दुसऱ्या दिवशी मोहालीला ऑस्ट्रेलिया-वेस्ट इंडिज होती, पण आता कोणाला काय त्याचं? तरी टीव्ही लावला. ऑस्ट्रेलिया 4 बाद 15. आम्ही म्हटलं, चला, संपली मॅच. पण एक सडपातळ डावखुरा आणि त्याच्याबरोबर स्टुअर्ट लॉ, दोघे खेळत राहिले. ना मोठे फटके, ना आरडाओरडा. एक धाव, दोन धावा, पुन्हा एक. बेव्हन 69, लॉ 72. धावसंख्या 207 पर्यंत गेली आणि ऑस्ट्रेलियाने तो सामना 5 धावांनी जिंकला. तेव्हापासून हा माणूस माझ्या डोक्यात बसला.

त्याच वर्षी 1 जानेवारीला सिडनीत त्याने याहून मोठा पराक्रम केला होता. पावसामुळे 43 षटकांची मॅच, समोर पुन्हा वेस्ट इंडिज, हव्या होत्या 173 धावा आणि ऑस्ट्रेलिया 6 बाद 38. बेव्हन तळाच्या फलंदाजांना घेऊन खेळत राहिला. शेवटचा चेंडू, हव्या चार धावा, शेवटची जोडी मैदानात. रॉजर हार्परचा तो चेंडू त्याने सरळ सीमारेषेबाहेर धाडला. नाबाद 78.

मुलांना मी विचारलं, "6 बाद 38 असताना तुम्ही काय केलं असतं?" एक जण म्हणाला, "सिक्स मारले असते." वर्ग हसला. बेव्हनने तेच केलं नाही. तो साधारण सहाव्या क्रमांकावर यायचा. अर्धी षटकं संपलेली, कधी वरचे सगळे बाद झालेले. तो आधी हिशोब मांडायचा: किती चेंडू, किती धावा, कोणता गोलंदाज शिल्लक आहे. मग फटी शोधून चेंडू ढकलायचा आणि जीव तोडून पळायचा. सोबत अकराव्या क्रमांकाचा गडी असला तरी त्याला सांभाळून घ्यायचा. 2002 च्या जानेवारीत मेलबर्नला न्यूझीलंडविरुद्ध 246 हव्या असताना 6 बाद 82, तिथून नाबाद 102 आणि विजय. 2003 च्या विश्वचषकात इंग्लंडविरुद्ध 205 हव्या असताना 8 बाद 135, तिथून नाबाद 74, सोबत अँडी बिकेल नाबाद 34, दोन चेंडू राखून विजय. 1999 आणि 2003 असे दोन विश्वचषक जिंकणाऱ्या संघांत तो होता.

'चिटिंग'वाली पार्टी गप्प झाली.

मग मी फळ्याच्या दुसऱ्या बाजूला लिहिलं: कसोटी सामने 18, धावा 785, सरासरी 29.07, शतक एकही नाही. मुलांना वाटलं, हा दुसराच कोणी खेळाडू. नाही बाळांनो, हाच तो. 1994 मध्ये कराचीला पहिल्याच कसोटीत 82 धावा केल्या. पण पुढे आखूड टप्प्याचे, अंगावर येणारे चेंडू त्याला जड जाऊ लागले. गोलंदाजांना ते कळलं आणि सगळे तेच टाकू लागले. 1998 ला कसोटी कारकीर्द संपली. गंमत म्हणजे डावखुऱ्या मनगटी फिरकीवर त्याने 1997 च्या ॲडलेड कसोटीत वेस्ट इंडिजचे दहा बळी घेतले आणि नाबाद 85 धावाही केल्या. तरी शिक्का बसला तो बसलाच: हा वनडेचा माणूस, कसोटीचं याचं काम नाही. प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये त्याच्या 19 हजारांवर धावा आहेत, सरासरी 57 च्या वर. म्हणजे लांब डाव खेळता येत नव्हता असंही नाही.

इथवर बोलून मी थांबलो, कारण तिसऱ्या बाकावरची एक मुलगी फळ्याकडे एकटक बघत होती. आणि मला ऑगस्ट महिना आठवला.

घटक चाचणीत तिला गणितात वीसपैकी सहा गुण पडले. मी तिला तिच्या गटातून काढून 'जादा तयारी'च्या गटात बसवलं. हेतू चांगला होता. पंधरा दिवसांनी लक्षात आलं की तिचा जुना गट ढेपाळलाय. तक्ते अर्धवट, प्रकल्प अर्धवट. आधी हे सगळं कोण पूर्ण करायचं? तीच. कोणाचं मोजमाप चुकलं तर पुन्हा करायची, जो मागे पडेल त्याला शेजारी बसवून लिहायला लावायची. माझ्या नोंदवहीत यातलं एक अक्षर नव्हतं. नंतर तिची आई शाळेत आली. भांडायला नाही. दाराशीच उभी राहून म्हणाली, "सर, मार्क कमी पडले ते पडले. पण पोरं तिला ढ म्हणत्यात. दोन दिस झालं, नीट जेवली नाय." मला उत्तर सुचलं नाही. 'ढ' मी म्हटलं नव्हतं, पण तिला उठवून त्या रांगेत मीच बसवलं होतं.

बेव्हनची कसोटीतली 29 ची सरासरी खोटी नाही. तिचे सहा गुणही खोटे नव्हते. ते तिला मिळवायचेच आहेत, आणि त्यासाठी रोज मधल्या सुट्टीत आम्ही दोघं दहा मिनिटं बसतो. माझी चूक एवढीच की एका चाचणीचा आकडा मी अख्ख्या मुलीचा आकडा समजलो. तिला जुन्या गटात परत बसवलं आणि वर्णनात्मक नोंदीत लिहिलं: 'हाती घेतलेले काम शेवटपर्यंत नेते, मागे राहिलेल्यांना सोबत घेते.' हे वाक्य लिहायला मला पंचवीस वर्षांच्या नोकरीनंतर एका आईने दाराशी यावं लागलं.

एक शेवटचं. बेव्हन शेवटचा एकदिवसीय सामना 2004 मध्ये खेळला. ऑस्ट्रेलियन क्रिकेटच्या हॉल ऑफ फेममध्ये त्याला 2025 साली घेतलं. निवडीचे निकष बदलले, मर्यादित षटकांच्या खेळालाही वजन मिळालं, तेव्हा कुठे. मधली वीस वर्षं त्याचे आकडे तेच होते.

शिक्षक मित्रांनो, सरासरीच्या तासाला हे आकडे वर्गात देऊन बघा. मुलांना दोन्ही रीतींनी भागू द्या, भांडू द्या. आणि पालकहो, प्रगतिपुस्तक हातात आलं की गुणांखालच्या नोंदीही वाचा. तिथे काही लिहिलेलं नसेल, तर आम्हाला येऊन जरूर विचारा.