हळदीच्या मुलखातून येताना

मैत्रिणींनो, औंढ्या नागनाथाच्या दर्शनाला जायचे मनात असेल तर फेब्रुवारी-मार्चमध्ये जा आणि वसमतच्या वाटेने जा. हळद काढण्याचे हे दिवस. शिजवलेल्या हळदीचा उग्र-गोड वास रस्त्यापर्यंत येतो. खळ्यावर हळकुंडे वाळत पडलेली असतात. पुढे हिंगोलीला संत नामदेव हळद मार्केट यार्डात पोत्यांच्या थप्प्या पाहून डोळे पिवळे होतात! १९९९ साली परभणीतून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यातून हळकुंडे घेतल्याशिवाय कुणी परतत नाही.

ही हळद घालून घरी सुवासिक साबण करायची हौस हल्ली पुष्कळजणींना आहे. जरूर करा, पण कॉस्टिक सोडा म्हणजे खाण्याचा सोडा नव्हे, बरं का! हात भाजतात, डोळाही जाऊ शकतो. रबरी मोजे आणि चष्मा घाला, मुलांना दूर ठेवा. सोडा पाण्यात टाकावा, सोड्यावर पाणी कधीही ओतू नये. भांडे स्टीलचे घ्या. ॲल्युमिनियम सोडा खाऊन टाकतो. अंगावर उडालाच तर लगेच वाहत्या पाण्याखाली भरपूर धुवा.

प्रमाण असे : खोबरेल ३०० ग्रॅम, करडईचे तेल २०० ग्रॅम, कॉस्टिक ७५ ग्रॅम, पाणी १९० ग्रॅम. सगळे काट्यावर तोलून, चमच्याच्या अंदाजाने नाही. करडई मराठवाड्यातली म्हणून जास्त घालावीशी वाटते. पण मग साबण मऊ राहतो आणि लवकर खवट होतो. सोड्याचे पाणी निवले की कोमट तेलात ओतून घोटा. वरून सोडलेली धार उमटून राहू लागली, की अर्धा चमचा हळद आणि १० मिली वाळ्याचे तेल घाला. लिंबू-संत्र्याचा वास उडून जातो, वाळा टिकतो. गुलाबाच्या पाकळ्या मात्र काळ्या पडतात.

हळद घातली की मिश्रण लालसर होते आणि बायका घाबरून सगळे ओतून देतात. तसे करू नका. हळदीला चुना लावला की ती लाल होते, साडीवरचा हळदीचा डाग साबणाने लाल होतो, तेच हे. पुढे रंग फिका पडतो. पण रंगावरून साबण बरा की वाईट हेही ठरवू नका. सोडा जास्त झालेला साबणही तसाच देखणा दिसतो! भरवसा फक्त तोलण्याचा.

दुसऱ्या दिवशी मोजे घालूनच वड्या पाडा आणि हवेशीर जागी सहा आठवडे ठेवा. घाई केलीत तर कातडी चरचरेल. प्रत्येक घाण्याचे वजन वहीत लिहा, म्हणजे कुठे चुकले ते सापडते. विकायचा विचार असेल तर आधी परवाना काढावा लागतो.

फेब्रुवारीअखेर केलेल्या वड्या चैत्रगौरीच्या हळदीकुंकवापर्यंत तयार होतात. आंब्याची डाळ, पन्हे आणि सोबत हळदीची एक वडी. पाहा बरं, सवाष्णी खूश होतात की नाही!